मयताच्या नावाची दुरुस्ती

जबाब
पौड पोलीस ठाणे, ता. मुळशी, जि. पुणे
दिनांक ११/०२/२०२५, वेळ दुपारी १.१०

नाव जयसिंग कोंडाजी शेंडे, वय ७२ वर्षे, धंदा शेती, पूर्वी शाखा डाकपाल, आता निवृत्त, राहणार मु. पो. माले, ता. मुळशी, जि. पुणे.

मी वरील नावाचा इसम असून जिवंत आहे व आज रोजी ठाण्यात समक्ष येऊन, विचारल्यावरून सांगतो की,

आज सकाळी बुलढाणा जिल्ह्यातील पोलिसांनी सिंदखेडराजा ते मेहकर रस्त्यालगत मिळून आलेल्या एका मृतदेहाची नोंद माझ्या नावाने केली आहे. तो देह माझा नसून माझा मित्र किसन नथू गायकवाड, वय ७२, राहणार पौड, याचा आहे. नाव दुरुस्त झाल्याशिवाय देह त्याचा मुलगा सिद्धांत याच्या ताब्यात देता येत नाही, असे तिकडून कळविण्यात आले. त्याकरिता हा जबाब आहे. सिद्धांत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला आहे.

मी माले येथे पत्नी सगुणाबाई, मुलगा व सून स्नेहल यांच्यासह राहतो. गावच्या पोस्टात मी चव्वेचाळीस वर्षे काम केले. टपालावरचे शिक्के वाचून मला देशातील पुष्कळ गावे माहीत आहेत. स्वतः मी नगरच्या पुढे गेलेलो नाही.

किसन व मी पौडच्या शाळेत एका बाकावर होतो. तो पुढे एस.टी.त मेकॅनिक झाला व तेथूनच निवृत्त झाला. आम्ही सातवीत असताना गुरुजींनी भिंतीवरच्या नकाशात अगदी उजव्या टोकाला छडी टेकवून सांगितले की आपल्या देशात सूर्य सर्वांत आधी इथे दिसतो. त्या जागेवर, म्हणजे आताच्या अरुणाचलावर, तेव्हा ‘नेफा’ असे छापलेले होते. त्यानंतर सूर्योदयाची कविता म्हणून घेतली. किसनला दुसरे कडवे कधी येत नसे, ते मी खालच्या आवाजात पुरवीत असे. सदर कविता मी येथे म्हणून दाखविली. महिला पोलीस हवालदार सायली तुपे म्हणाल्या, “बाबा, छान आहे, पण हे जबाबात घेता येत नाही. वेळ सांगा.” म्हणून कविता घेतलेली नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर किसन मला म्हणाला होता, “मोठं झालं की तितं जाऊन बघू. गुरुजी खरं सांगत्यात का न्हाई ते.” ती वेळ आता आली होती. जाण्याचे ठिकाण अरुणाचल प्रदेशातील डोंग हे गाव, वाहन मोटारसायकल, चालविणार किसन, मागे मी. मला गाडी येत नाही.

गाडीबाबत विचारल्यावरून सांगतो की, ती जुनी बुलेट आम्ही १९९१ साली घेतली. किसनच्या बदल्या होत असत, त्याचा पत्ता सारखा बदले. माझा पत्ता कधी बदलला नाही, म्हणून कागद माझ्या नावाने केले. गाडी पहिल्यापासून किसनच चालवीत आला. गेले वर्षभर त्याने ती संपूर्ण खोलून पुन्हा बसवली होती. कोणी बघायला आले की म्हणे, “इंजिन माझ्यापरीस तरणं हाय.”

निघण्याचा मुहूर्त गुरुवार दिनांक ६ रोजी सकाळी होता. तो मी काढून आणला होता. परंतु गाडीच्या मागच्या चाकाचे काम सोमवारपर्यंत लांबले. आमच्याकडे अशा वेळी प्रस्थान ठेवतात. म्हणजे मुहूर्तावर स्वतः निघता येत नसेल तर आपले कपडे व थोडे सामान पिशवीत घालून, ज्या दिशेला जायचे त्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचे. तेव्हापासून तो माणूस निघाला असे धरतात. पाच दिवसांच्या आत त्याने तेथे जाऊन पिशवी उचलायची व पुढे जायचे. पिशवी मागे घरी आणायची नाही.

मालेहून पौड पूर्वेला आहे. म्हणून गुरुवारी सकाळी ८.२० वाजता मी माझी पिशवी किसनच्या घरी नेली. पिशवी पोस्टाच्या खाकी कापडाची. आत दोन जोड कपडे, स्वेटर, गोळ्या, सुपारी, हळद लावलेले तांदूळ, शाळेच्या कवितांची वही व एक पत्र्याचा डबा होता. डब्यात माझे आधार कार्ड व गाडीचे कागद होते. पिशवीला मी कापडी चिठ्ठी शिवली होती. तिच्यावर माझे नाव, पत्ता, फोन नंबर व खाली ‘न पोहोचल्यास परत पाठवावे’ असे सवयीने लिहिले होते.

किसनच्या घरी बौद्ध रीत असल्याने ते मुहूर्त पाहत नाहीत. तो म्हणाला, “जयसिंग, तू गेलास ते बरं झालं. आता तू फुडं गेलेला हायेस आन आमी ड्रायव्हर मागं ऱ्हायलो.” मी त्याला म्हणालो, थट्टा करू नकोस, ठेवायची नसेल तर तसे सांग. तो म्हणाला, “ठिव की. माझ्या घरात तुझ्या पिशवीला कोण उठ म्हणणार हाय?” त्याने स्वतः ती आत नेऊन त्याची मयत पत्नी आक्काबाई यांच्या तसबिरीखालच्या स्टुलावर ठेवली. त्याची सून नम्रता हिने आम्हाला चहा दिला.

रविवार दिनांक ९ रोजी सायंकाळी ६.३० च्या सुमारास मी किसनला घरून फोन केला व सांगितले की माझा गुडघा सुजला आहे, मला उद्या येता येणार नाही. बोलणे झाले ते पुढीलप्रमाणे. किसन म्हणाला, “बरं. पाय जप.” नंतर म्हणाला, “पिशवीचं पाच दिस उद्या भरत्यात न्हवं?” मी होय म्हणालो. मी म्हणालो, राहू दे तिथेच, मी नंतर घेऊन जाईन. तो म्हणाला, “बरं.” त्यानंतर फोन ठेवला. आमच्यात भांडण झालेले नाही. यापूर्वीही कधी झालेले नाही, एक वेळ सोडून, ती पुढे येईल.

गुडघ्याबाबत डॉक्टरांचा कागद आहे का, असे विचारल्यावरून सांगतो की, गुडघा सुजलेला नव्हता. हे लिहून घ्यावे.

मग का गेला नाहीत, असे विचारल्यावरून सांगतो की, रविवारी दुपारनंतर मी ओसरीवर बसलो होतो. सगुणाबाई तांदूळ निवडीत होत्या. समोर शेवग्याला फुले आली होती. तेव्हा घर फार चांगले वाटले. याहून वेगळे कारण मला सांगता येत नाही.

सोमवार दिनांक १० रोजी सकाळी ९ वाजता मी किसनच्या घरी फोन केला. तो नम्रताने उचलला. ती म्हणाली, “काका, बाबा साडेपाचला गेले. फोन घरीच ठेवलाय. म्हणाले, फोन घेतला की घर मागं लागतं.” मी पिशवीबद्दल विचारले. ती म्हणाली, “ती पण नेली की. मागच्या सीटवर बांधली, तुम्ही बसता तिथंच. मी म्हटलं, काका येत नाहीत तर पिशवी कशाला? तर म्हणाले, तो निघालेला हाय. पिशवी फुडं जाऊ दे, तो मागनं येतोय.”

मी फोन ठेवला. दिवसभर मी घरीच होतो. पोलिसांना किंवा सिद्धांतला मी काही कळविले नाही.

सिद्धांत हा माण येथे एका कंपनीत पाळीवर नोकरीस आहे. त्याने मध्येच सांगितल्यावरून, त्याच्या संमतीने येथे नमूद करतो की, वडिलांनी जाऊ नये म्हणून त्याने त्यांचे लायसन पंधरा दिवसांपूर्वी कपाटात कुलूपबंद करून ठेवले होते. त्याचे शब्द, “मला वाटलं लायसन न्हाई म्हणल्यावर वाकड-बिकडपर्यंत जातील आन संध्याकाळी माघारी येतील.” ते लायसन त्याने आज सोबत आणले असून टेबलावर ठेवले आहे. ओळखीसाठी तो लायसनच तेवढे जवळ बाळगीत असे, त्यामुळे किसनच्या अंगावर त्याच्या स्वतःच्या नावाचा एकही कागद नव्हता.

आज मंगळवार दिनांक ११ रोजी सकाळी ९.४० वाजता माझ्या घरी फोन आला. तो मी उचलला. पलीकडून विचारले, “जयसिंग शेंडे यांचं घर का? तुम्ही त्यांचे कोण?” मी म्हणालो, मीच जयसिंग शेंडे. ते म्हणाले, “बाबा, नीट ऐका. तेच नाव आमच्याकडं मयताचं आहे. घरात दुसरं कोणी मोठं असेल तर त्यांना द्या.” सून स्नेहल शेजारी उभी होती. मी तिला फोन दिला नाही. मी विचारले, अंगावर काय आहे? त्यांनी वाचून सांगितले, पांढरा सदरा, राखाडी पॅन्ट, तपकिरी जर्किन. अपघात नाही. गाडी रस्त्याकडेला लिंबाच्या झाडाखाली स्टँडवर उभी, हेल्मेट आरशाला अडकवलेले. इसम गाडीजवळ पूर्वेकडे तोंड करून कुशीवर झोपलेल्या स्थितीत, डोक्याखाली खाकी पिशवी. पहाटे शेतावर निघालेल्या एका बाईने पाहिले. झोपेत हृदय बंद पडले असावे, असे तेथील डॉक्टरांचे म्हणणे आहे. पुढे ते साहेब म्हणाले, “पिशवीत वही निघाली. शेंडेबाबा कविता करत होते काय?” मी म्हणालो, करत नव्हते, फक्त पाठ करत होते.

आधार कार्डावरील फोटो माझा असून तो कोणाही म्हाताऱ्याचा वाटावा असा आहे. त्यामुळे त्या साहेबांची यात काही चूक नाही.

१०.१५ वाजता मी पौडला किसनच्या घरी पोहोचलो. सिद्धांत रात्रपाळी करून नुकताच आला होता, पायात बूट होते. काय सांगितले ते येथे लिहिण्याची गरज नाही.

देहाची ओळख पटण्यासाठी खुणा विचारल्यावरून सांगतो. उजव्या हाताच्या करंगळीचे पेर नाही, ते वर्कशॉपमध्ये पंख्याच्या पट्ट्यात गेले. डाव्या पोटरीवर सायलेन्सरने भाजल्याचा डाग. वरचे पुढचे दोन दात बसवलेले. उजव्या भुवईत केस न उगवणारी आडवी खूण, सुमारे अर्धा इंच. ही खूण आम्ही चौथीत असताना मी पाटी फेकून मारल्याने झालेली आहे. तेव्हाच्या एका कवितेत मी दुसऱ्या कडव्याला चुकलो म्हणून तो हसला होता, त्यावरून. गुरुजींनी कोणी मारले म्हणून विचारले तेव्हा त्याने दाराला लागले असे सांगितले. हे आजपर्यंत कोणास माहीत नव्हते. सिद्धांतला आता कळले.

मोबाइलवर आलेला देहाचा फोटो हवालदार मॅडमनी मला दाखविला. तो किसन नथू गायकवाड हाच आहे. त्याबद्दल मी खात्रीने सांगतो. मृत्यूबाबत माझी कोणावर तक्रार अथवा संशय नाही.

गाडी माझ्या नावावर असल्याने ती सिद्धांतच्या ताब्यात देण्यास माझी हरकत नाही.

पिशवी पार्सलने परत पाठवू का, असे तिकडील साहेबांनी विचारले आहे. त्यावर ‘न पोहोचल्यास परत पाठवावे’ असे मीच लिहिलेले आहे, तरी ती परत पाठवू नये. ती गेल्या गुरुवारपासून वाटेवर आहे. काल पाचव्या दिवशी ती किसनने पुढे नेऊन ठेवली, म्हणजे प्रस्थान तेथे पुन्हा ठेवल्यासारखे झाले, असे मी धरतो. मला अजून चार दिवस आहेत. ती मी तेथे जाऊन उचलीन.

सिद्धांत येथेच म्हणाला, “काका, तुमी कशाला? रस्ता लई लांबचा हाय. मी आन माझा मेहुणा जाऊन आणतो बाबांना.” मी त्याला सांगितले की मी येतोय. तो पुन्हा म्हणाला, “गुडघा?” मी म्हणालो, गुडघ्याला काही झालेले नाही. त्याने मान हलवली. मेहुण्याची गाडी ठाण्याच्या बाहेर उभी आहे. सगुणाबाईंनी स्नेहलबरोबर माझी घोंगडी व डबा येथेच पाठविला आहे. हा जबाब झाला की आम्ही येथूनच निघत आहोत. तेथून सिद्धांत वडिलांना घेऊन पौडला येईल. मी तेथून पुढे काय करीन, हे विचारले असता, ते तेथे गेल्यावर ठरेल असे सांगतो.

एवढे मला सांगावयाचे होते. टाइप केलेला जबाब हवालदार मॅडमनी सिद्धांतसमोर मला सावकाश वाचून दाखविला, व नंतर चष्मा लावून मी स्वतःही वाचला. मजकूर मी सांगितला तसाच आहे. फक्त एका ठिकाणी दुरुस्ती करून घेतली आहे. वर ‘मग का गेला नाहीत’ या प्रश्नापुढे प्रथम ‘मी गेलो नाही’ असे माझे वाक्य आले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले. त्या जागी ‘मी वेळेवर गेलो नाही’ असे घालावे म्हणालो, तर मॅडम म्हणाल्या, “बाबा, आता शेवटी घाला, वर जागा नाही.” म्हणून ते येथे घातले आहे.

मी वेळेवर गेलो नाही.

सही
जयसिंग कोंडाजी शेंडे

समक्ष
(सायली तुपे)
महिला पोलीस हवालदार, पौड पोलीस ठाणे
जबाब संपला, वेळ दुपारी २.३५