नहरीवरचा पट्टा

आधी चहा घ्या, नाहीतर ऐकता ऐकता गार होईल. शहागंजातल्या दुकानामागची माझी मोकळी जागा चितेगावच्या देशमुखांना विकायची ठरली होती. तिच्या एका कडेखालून जुनी नहर जाते. वर माती अन् खाली पाण्याचं भुयार. म्हणून खरेदीखतात मी अट घालायला लावली, की त्या पट्ट्यावर त्यांनी, त्यांच्या वारसांनी किंवा पुढच्या कुठल्याही मालकानं कधीच बांधकाम करायचं नाही.

वकिलांना घेऊन जागा दाखवायला गेलो, तर अट ऐकून देशमुख भडकले. "शेठ, जागा माझी अन् हुकूम तुमचा? तिथंच तर लेकरांच्या खोल्या काढायच्यात!"

"म्हणूनच म्हणतो. लेकरं झोपेत असताना जमीन खचली तर?"

"लई भेकड बुवा तुम्ही! दगडावाणी जमीन हाय ही," म्हणत त्यांनी पट्ट्यावर जाऊन जोरात पाय आपटला.

पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

मी अन् वकील धावलो, काखेत हात घालून त्यांना ओढलं. पाय निघाला, पण जोडा खाली सुटला. जरा वेळानं खोल कुठंतरी पाण्यात डुबकन वाजलं. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. आता आम्ही तिघंही त्याच पट्ट्यावर उभे होतो. कुणी हलेना.

देशमुख पुटपुटले, "वकीलसाहेब, अट राहू द्या. इथं उभं राहायलाबी मनाई लिहा."

"लिहितो," वकील डोळे मिटून म्हणाले, "पण आधी पहिलं पाऊल कोण उचलतंय?"