वीस मिनिटं पुढचं घड्याळ

हसाल, पण सांगतोच. दिघीहून आगरदांड्याची बोट चुकू नये म्हणून आमच्या घरातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे असतं. दिवसभर नजर लॅपटॉपवरच, म्हणून मी त्याचंही घड्याळ तसंच लावलं. झालं, ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर माझा कोड कंपाइल होईना. दोन दिवस मी कंपायलरला शिव्या घातल्या. शेवटी टीममधल्या मेघनाने पाहिलं.

"अरे, तुझ्या फायलींवर वीस मिनिटांनंतरची वेळ आहे. सर्व्हर म्हणतोय, या भविष्यातल्या आहेत, म्हणून अडून बसलाय."

मी बोटीचं कारण सांगितलं.

"मग बोट तरी मिळते का?"

पूर्वीसारखीच चुकते. घड्याळ पुढे आहे हे मला पाठ, त्यामुळे मी निवांत वीस मिनिटं उशिरा निघतो. त्या घड्याळाला फसला तो एकटा सर्व्हर.