आबांनी वेचलेल्या अळ्या

चहा होईस्तोवर आमच्या वडलांचं, आबांचं सांगतो. हट्टा गावच्या मळ्यात लिंबोणीच्या झाडांवर मावा पडला होता. पानापानाला रस शोषणारे ते बारीक किडे चिकटलेले, अन् त्यात काळ्या काटेरी अळ्या दिसल्या. आबांनी दुपारपर्यंत एकेक अळी वेचून बादलीत टाकली.

मी म्हणालो, "आबा, ही लाल ठिपकेवाल्या ढालकिड्याची पिल्लं हायेत. मावा खायलाच आलीत."

आबा उठले. तशीच बादली उचलली अन् अळ्या परत झाडांवर सोडून आले.

आठवड्यात मावा साफ. परवा बघतो तर आबा शेजाऱ्याच्या बागेतून माव्यानं भरलेली फांदी घेऊन येऊन राहिले.

"ही काहून आणली?"

"आपल्याकडचा मावा सरला. एकदा बादलीत टाकलं लेकरांना, आता उपाशी बी ठिवू का?"