ब्रेकवर पाय ठेवाया एक मानूस

जलम माजा ह्याच गावचा. विट्यावरनं आटपाडीला जाताना डाव्या अंगाला फाटा फुटतो बघा, तिथनं आत. पर जलम हितला आन उमर सगळी तिकडं केरळात, त्रिचूरला, असं हाय. आमच्या ह्या पट्ट्यात पाऊस कवाच धड न्हाई, तवा घरटी एक तरी पोरगं गलाईला जायाचंच. गलाई म्हंजी सोनं-चांदी गाळायचं काम. सोनाराकडचा मोडका डाग, दुकानातली झाडलोट, समदं मुशीत घालून आटवायचं आन त्यातनं चोख सोनं काढून द्यायचं. मिसरूड फुटायच्या आधी मामाच्या संगं गेलो मी. भट्टीम्होरं गुडगं मोडून बसायचं त्ये सांच्यापतुर उठायचं न्हाई, असा बसलो जलमभर, काय सांगू तुमास्नी, दुसऱ्याचं सोनं आटवता आटवता हा माजा डावा गुडगा आटून गेला. आता त्यो मोडतच न्हाई.

तुमी गलाईवाल्यांचं लिवाय आलाय म्हनता, तर मंग आमची गल्ली बघा आधी. ह्यो समूरचा गुलाबी बंगला, तीन मजली. त्येच्या शेजारचा काचंच्या खिडक्यांचा. आत मार्बल हाय, गिझर हाय, मानूस न्हाई. चैत्रात जत्रंला आठ दिस गल्लीत पाय ठेवाया जागा नसती, तामिळनाडूच्या नंबराच्या गाड्या, आंध्राच्या, पार आसामच्या, आन नवव्या दिशी कुलपं. आमी बी तसंच केलं की. माज्या मालकिनीनं हट्टानं घर बांधून घेतलं, देवघराला खिडकी कुठं पायजे ते तिकडनं फोनवर गवंड्याला सांगायची. आन ऱ्हायली किती, तर समद्या जत्रा धरून दोन-तीन म्हैनं बी झालं नसत्याल. ती तिकडंच गेली, दवाखान्यात. मंग मला त्रिचूरला करमंना. दुकान पोरानं हातात घेतलं, आता मशिनं आल्याती, मला म्हनतो बाबा तुमी घरी बसा. घरी नातवंडं मल्याळी बोलत्यात, मला समदी समजती ती भाषा, पर पोरं हसली की कशाला हसली ते काय कळत न्हाई. तवा म्हनलं आपलं घर बांधलंय ते कुनासाठी, आन आलो निघून.

आलो खरा, पर हितं हाय कोन? पयल्या पयल्यानं तर असं व्हायचं, दिसभर कुनाशी बोललोच न्हाई म्हंजी सकाळी दूधवाल्याला हाक मारली की घसाच खरखरायचा, मला वाटायचं आवाज गेला आपला. दोन मजली घर, मी ऱ्हातो खालच्या एका खोलीत. एकटं लय वाटायचं. आता ह्यात लाज कसली, वाटायचं ते वाटायचं. पर पोराला फोनवर कवा बोललो न्हाई, मस्त हाय म्हनायचो, हवा चांगली हाय म्हनायचो.

आता गाडीचं सांगतो. क्लच दाबाया हा पाय चालत न्हाई, यष्टीची पायरी चढवत न्हाई, आन गोळी-औषद, दळान, गॅस, समदं विट्याला. म्हून पोरानं जुन्या बाजारातली एक बारकी ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली. दोनच पायडल, डाव्या पायाला कामच न्हाई. ही गाडी हाय म्हून मी हितं हाय, येवढं ध्यानात ठेवा. तर गेल्या दिवाळीच्या आधी ती दम खाया लागली. दांडा खाली वढून फुडं जायाच्या गिअरला घातला की हुबीच ऱ्हायाची, आन मंग एकदम हिसका देऊन निघायची. चढाला तर थरथर कापायची. विट्याच्या मिस्त्रीकडं न्हेली, त्यो म्हनला ऑटोमॅटिकला आमी हात लावत न्हाई काका, कराडला न्या. कराडला हळूहळू न्हेली. तिथला मिस्त्री भला मानूस, म्हनला काका, माज्याकडं रांग लागलीया, दिवाळी झाल्यावर आना आन पंधरा दिस ठेवून जावा. पर आधी गिअरबॉक्साचं ऑईल तर बदलून बघा, जलमात कुनी बदलल्यालं दिसत न्हाई. पंधरा दिस गाडीबिगर मी काय करनार हितं? म्हनलं मग घरी बदलू काय, तर हसला, म्हनला बदला की, तुमी तर सोनं गाळल्यालं. ऑईलचे डबं दिलं, समदं नीट समजावून सांगितलं.

आन त्याच सांच्याला पोराचा फोन. कराडच्या रस्त्यावर मी दिसलो म्हनं कुनालातरी, मी घरी पोचायच्या आधी ती बातमी त्रिचूरला पोचलेली. म्हनला बाबा, इका ती गाडी, घराला कुलूप लावा आन या हिकडं, कशाला हाल करून घेताय. मायेनंच म्हनला, वंगाळ बोलला न्हाई. पर फोन ठेवून मी गल्लीकडं बघितलं. म्हंजी ही गाडी बसली की आपलं बी घर त्या रांगंत. समूर गुलाबी, शेजारी काचंचं, आन मंग माजं.

दुसऱ्या दिशी सकाळीच लागलो कामाला. मला बसता येत न्हाई पर निजता येतं, तवा म्होरली चाकं दोन जाड फळ्यांवर चढवली, मागल्या चाकाला धोंडं लावलं, आन पाठीवर सरकत गेलो खाली. खालचा बोल्ट सोडला. काय ऑईल निघालं म्हनता! नवं असतंय कोकमाच्या सरबतागत तांबडं, आन ह्ये निघालं काळं, करपल्या वासाचं. मला वाईटच वाटलं गाडीचं, येवढं घानीत चालत व्हती बिचारी, कुनाला सांगनार. टपात सगळं गाळून घेतलं. जितकं निघालं तितकंच मापून नवं घालायचं, तसं वरनं नरसाळ्यानं घातलं, आन गाडी फळ्यांवरनं खाली घेतली.

आता खरी मेख फुडं हाय. ऑईल बरूबर भरलंय का न्हाई, ते गाडी चालू ठेवूनच बघायचं असतंय. ब्रेक दाबून धरायचा, दांडा एकेक गिअरमधनं फिरवायचा, म्हंजी ऑईल समदीकडं खेळतं. मंग न्यूट्रलला आनून, इंजिन चालूच, मापाची सळई काढून बघायची. कमी बी नको, जादा बी नको, गाडी वाटंत बसती. धडधाकट मानसाला एकट्याला जमतं ते. पर माजं अंगण उताराचं, आन हँडब्रेक ढिला. तरी म्या केलं, मागल्या चाकाला परत धोंडं लावून. न्यूट्रलला आनली, हँडब्रेक वर खेचला, उतरलो, आन हा पाय वढत वढत बॉनेटपतुर जाईस्तोवर गाडी धोंड्यावरनं घसरून मागं चालली. बिनमानसाची. मी नुसता हां हां करत बघतोय. गेटाला चाटून थांबली, गेट वाकलं. लंगडत जाऊन आत बसलो, बंद केली.

आन मंग ओट्याला टेकलो, खोटं कशाला सांगू, रडाया आलं मला. गेटापायी न्हाई. त्रिचूरला दुकानात आमी सात-आठ जन एका खोलीत निजायचो, रात्री कूस बदलाया जागा नसायची, आन आज ब्रेकवर पाय ठेवाया एक मानूस घावत न्हाई, ह्याचं रडू आलं.

मंग उठलो, आन गल्लीनं निघालो. कुलूप, कुलूप, कुलूप. शेवटाला तानूवैनीचं दार उघडं. ही माज्या चुलतभावाची बायको, त्यो जाऊन लय वरसं झाली. दोन्ही ल्योक गलाईला, एक हैदराबादला, एक पार गुवाहाटीला. ही कधी गाव सोडून ऱ्हायली न्हाई. मी येऊन दोन वरसं झालती, पर आमचं बोलनं किती, तर पानी आलं का भावजी, लाईट गेली का वैनी, येवढंच. तिला म्हनलं वैनी, जरा गाडीत बसाया येशील का? ती म्हनली, आगं बया, कुठं जायाचं? म्हनलं कुठं न्हाई, नुसतं बसायचं. तिनं माज्याकडं बघितलं, म्हनली, लोक काय म्हनत्याल भावजी. आन मंग तिनंच गल्लीकडं बघितलं ह्या टोकापास्नं त्या टोकापतुर, आन पदर खोचत म्हनली, चला. नावं ठेवाया तरी कोन ऱ्हायलंय.

गाडीपाशी आली, चपला काढल्या आन मग आत बसली. म्हनलं वैनी, चपला कशाला काढल्या, तर म्हनली ऱ्हाऊ द्या. इतकी वरसं पोरांच्या गाडीत बसली ती मागं, पिशव्यांच्या संगं, म्होरं कवाच न्हाई. उजवा पाय ब्रेकवर ठेव म्हनलं, तर दोन्ही पाय ठेवून असा दाबला की पायडल मोडतंय वाटलं मला. दांड्यावरची इंग्रजी अक्षरं तिला येत न्हाईत. म्हनलं पयली खाच हुबी ऱ्हायाची, दुसरी मागं जायाची, तिसरी मोकळी, चौथी फुडं जायाची. मी बॉनेटपाशी, ती आत. आन सुरू झालं, मी म्हनायचो मागं, ती आतनं वरडायची, आली मागं! मी म्हनायचो फुडं, आली फुडं! गल्लीत कितीक दिसांनी असा आवाज झाला असंल. मंग मोकळीला आनली. म्या सळई काढली, पुसली, परत घालून काढली. दोन रेघांच्या बरूबर मधी तांबडं. म्हनलं वैनी, झालं काम.

आन मंग चालवून बघाया नगं? वैनी शेजारच्या शीटावर सरकली, मी बसलो, गिअर टाकला. हिसका न्हाई, थरथर न्हाई, लोन्यागत गेली. गल्लीनं, येशीपतुर आन माघारी. वैनी एकेक घर आलं की सांगत व्हती, ह्ये कोचीला, ह्ये सेलमला, ह्येंचा थोरला दिल्लीला, म्हातारी मागल्या साली गेली, कुलपाची चावी माज्याकडं हाय. समद्यांच्या चाव्या तिच्याकडं बघा. दारात गाडी थांबवली तर उतरंना. हात मांडीवर ठेवून नुसती बसली. मग म्हनली, आता परत कवा बघायचं ह्ये?

आता खरं सांगायचं तर ते ऑईल चाळीस हजार किलोमीटरला बदलायचं असतंय. मी विट्याला जानार आठवड्यातनं दोनदा. हिशोब केला तर आमी दोघं बी तवर हितं न्हाई. पर माज्या तोंडातनं निघालं, म्हैन्याला. म्हैन्याला बघाय लागतं वैनी. ती म्हनली बरं, अवस झाली की दुसऱ्या दिशी येते, माज्या ध्यानात ऱ्हातंय तसं. आन गेली.

तवापास्नं अवस चुकली न्हाई. धुतलेलं लुगडं नेसून येती, पदरात उकडलेल्या शेंगा न्हाईतर गरम गरम धपाटी. ब्रेक दाबती, आली मागं, आली फुडं. मंग विट्याला जातो, तिच्या बीपीच्या गोळ्या, माजं दळान, बसस्टँडाम्होरं च्या. म्हैन्याभराचं बोलनं त्या एका दिसात. मधी मी हँडब्रेक नीट करून घेतला, आता गाडी तसूभर हालत न्हाई. ते तिला सांगितलं न्हाई. पोरालाबी फोन करून सांगितलं, गाडी इकायची न्हाई, मी येत न्हाई. त्यो म्हनला, बरं बाबा.

तर ह्या जत्रंला तिचा थोरला ल्योक आलता, हैदराबादवाला, मोठी ऑटोमॅटिक गाडी घेऊन. नेमकी अवस झालेली, वैनी माज्या गाडीत बसलेली, मी सळई पुसतोय. त्यो गेटात हुबा ऱ्हाऊन हसाया लागला. म्हनला आई, तुला कुनी सांगितलं म्हैन्याला बघाय लागतं? माज्या गाडीला तर कवा बघितलंच न्हाई, अन् त्येला मानूस कशाला लागतंय बसाया? काका थट्टा करत्यात तुजी. माजं तोंड उतरलं हो. सळई हातात, बघावं कुठं कळंना. वैनीनं ब्रेकवरचा पाय हालवला न्हाई. म्हनली, तुज्या गाडीचं तुला ठावं. आमची गाडी येगळी हाय. हिला बघाय लागतंय.

चला, तुमास्नी बी उशीर व्हतुया, देव तुमचं भलं करो, उन्हाच्या आत विट्याला पोचा. येवढं सांगतो आन सोडतो. जत्रा झाली, पोरं गेली, कुलपं लागली. परवा अवस झाली. काल वैनी आली, चपला काढून बसली, दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, म्हनली बघा भावजी. म्या सळई काढली, पुसली, घातली, काढली. ऑईल जितल्या तितं. वैनी आतनं म्हनली, हाय का बरूबर? म्या म्हनलं वाईच थांब वैनी, अजून बघाय लागंल.