डाव्या हाताची पंगत

जुन्या स्लाइडा, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या फोटोच्या पारदर्शक फिल्मा, घरात कॉपी करायच्या नादाला तुम्ही लागू नका. मी लागलो. अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, लग्नातल्या स्लाइडा मोबाइलच्या पांढऱ्या स्क्रीनवर ठेवल्या, वरनं कॅमेऱ्यानं फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले. पाच मिनिटांत उचगावच्या आत्याचा फोन.

"काय रं, सगळी पंगत डाव्या हातानं जेवायलीय. आमाला कुणी वळण लावलं नव्हतं व्हय?"

बघतो तर सगळ्या स्लाइडा मी उलट्या बाजूनं ठेवलेल्या, डाव्याचं उजवं झालेलं. गुपचूप सरळ करून परत फोटो काढले आणि अण्णांना दाखवले.

"ह्यो मी न्हाय," अण्णा म्हणाले. "पयलाच बरा हुता. भांग बघ, नाक बघ, सगळं जिथल्या तिथं."

"अण्णा, तो उलटा हाय."

"मला माझं तोंड ठावं न्हाय व्हय?"

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तोच उलटा फ्रेम करून लाव रं. लगीन झाल्यापासनं आरशाम्होरनं हललं न्हाईत. खरं तोंड बघायचं आमच्या कपाळी आलंय."