दोरीवरची बारा मतं

बायको : चादरीचा तो कोपरा नीट धर. आणि असं तोंड करू नकोस, निवडणूक मी हरलेय.

नवरा : मी कुठे तोंड करतोय? हे माझं नेहमीचंच आहे.

बायको : सकाळपासून नऊ जण सांत्वन करून गेले. इस्त्रीवाली तर गळ्यात पडून रडली. म्हणे, ताई, आपल्या सहकारी लॉन्ड्रीची प्रमुख म्हणून मला तूच हवी होतीस. मशीनवाल्याचं तेच, गाडीवाल्याचंही तेच.

नवरा : लोकांचं प्रेम आहे तुझ्यावर.

बायको : दिसलं ना. बारा मतांपैकी बटणकाकांना अकरा, मला एक.

नवरा : अगं, त्यात कुणाचा डाव नव्हता. मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. प्रत्येकाला वाटलं, तू तर येणारच. पण म्हाताऱ्या काकांना भोपळा मिळणार, सगळ्यांसमोर. मग प्रत्येकाने म्हटलं, आपलं एक देऊन टाकू, तेवढाच त्यांना आधार.

बायको : सगळ्यांनी?

नवरा : सगळ्यांनी. एकमेकांना न सांगता.

बायको : एवढी एकी आपल्यात कधीच नव्हती.

नवरा : आणि त्यांना उभं केलं कोणी? तूच.

बायको : दोन उमेदवार असल्याशिवाय निवडणूक होत नाही, असा नियम आहे ना आपला! कोणी तयार होईना. काकांना विचारलं तर म्हणाले, किती वेळ उभं राहावं लागेल? गुडघे दुखतात.

नवरा : निकाल लागल्यावर काय म्हणाले, ऐकलंस? हॉस्पिटलच्या चादरींना बटणं लावू या, पेशंट खाली पडणार नाही.

बायको : हसू नकोस. आयुष्यभर लोकांच्या शर्टांना बटणं लावलीत त्यांनी, दुसरं काय सुचणार? तशी ती अख्खी मोजणीच हसण्यासारखी झाली. मतपेटी नाही म्हणून चिठ्ठ्या मशीनच्या ड्रममध्ये टाकायच्या, हे कोणाचं डोकं?

नवरा : माझं. पण गाडीवाला सवयीने मशीन चालू करेल, हे मला काय ठाऊक?

बायको : धुतलेली मतं चिमटे लावून दोरीवर वाळत घातली. मी खाली उभी राहून वाचत होते. बटणकाका, बटणकाका, बटणकाका. वाटलं, इतकी वर्षं ही जागा आपली समजून राबलो, आणि आपण इथे कोणालाच नको होतो.

नवरा : सोड आता. हॉटेलवाल्यांना उत्तर द्यायचंय ना आज? त्यांची अख्खी लॉन्ड्री तुझ्या हाताखाली देतायत. जा. खरंच जा. मी येईन मागून.

बायको : दिलं उत्तर. नाही म्हणून कळवलं. त्यांनी लगेच दुसरीला घेतलंही.

नवरा : अगं! का पण?

बायको : मनाशी ठरवलं होतं, एकही मत पडलं नाही तर मुकाट्याने निघायचं. आणि दोरीच्या पार टोकाला माझ्या नावाची चिठ्ठी निघाली. एका माणसाला जरी मी इथे हवी असेन, तर कशाला जायचं?

नवरा : पण स्वतःचंच मत कसं मोजतेस तू?

बायको : स्वतःचं? मी काकांना दिलं.

नवरा : तू पण?

बायको : भोपळा मिळाला असता तर घरी जाऊन जेवले नसते ते. म्हटलं, माझं एक गेलं तर काय बिघडतंय? म्हणून तर ती चिठ्ठी पाहिली आणि कळलं. काकांची अकरा म्हणजे सांत्वनाला आलेल्यांची नऊ, एक माझं, एक काकांनी स्वतःला दिलेलं. उरलास तू.

नवरा : थांब, हा कोपरा सुटला.

बायको : कोपरा राहू दे. तुझंच ना?

नवरा : हो.

बायको : शाई पसरली होती, तरी अक्षर ओळखलं मी. लग्न झाल्यापासून एवढं मोठं काही दिलं नव्हतंस मला.

नवरा : घड्याळ दिलं होतं.

बायको : ते बंद आहे.

(बटणकाका दारात येऊन थांबतात.)

बटणकाका : आत येऊ का, पोरी? प्रमुखाने विचारून आत यायचं असतं की न विचारता, ते कोणी सांगितलंच नाही मला.

बायको : या काका, बसा.

बटणकाका : मला एक सांग. मी हे पद नको म्हटलं तर चालेल का? पण नको. अकरा जणांनी एवढ्या प्रेमाने निवडून दिलंय. किती वाईट वाटेल त्यांना!

बायको : दहा जणांनी, काका. अकरावं तुमचं स्वतःचं.

बटणकाका : माझं? छे छे! मला बटणापलीकडे काय कळतं? मी तुला दिलं.

बायको : मला?

बटणकाका : ती पार टोकाची चिठ्ठी. हाताला कंप, त्यात ती धुऊन निघालेली. तुला वाचता तरी आलं का नाव?

बायको : आलं.

बटणकाका : मला वाटलं, सगळी मतं तुलाच पडणार. बारातलं एक उगाच आपल्यामुळे कमी नको. रागावली नाहीस ना? हॉटेलात जाणार असं कानावर आलं होतं.

बायको : नाही जात, काका. एक मत पडलं ना इथे.

बटणकाका : असं होय! म्हणजे वाया नाही गेलं. येतो मग. उद्या सकाळी मला शिकव, प्रमुखाने काय काय करायचं असतं ते.

बायको : शिकवते. पायरी बघून उतरा.

नवरा : ऐक ना. मलाही खरंच वाटलं होतं, तू तर येणारच. दोरीवरचं ते एक तुझंच असणार, असं धरून चाललो होतो मी.

बायको : मताचं काही नाही रे. मीही तेच केलं.

नवरा : मग अशी का बघतेस?

बायको : मघाचं ते ‘हो’. तेही दयेपोटीच का?