मागच्या काचेवरचं बदक

बाबा: आणि आता सांग, मघाशी वळताना काय विसरलीस?

लेक: काही नाही. आरसा बघितला, वेग कमी केला, वळले.

बाबा: इंडिकेटर कोण देणार होतं? मागचं बदक?

लेक: बदकाला मध्ये आणू नका. तुमच्या नातीनं हौसेनं चिकटवलंय.

बाबा: हौसेनं, पण काचेच्या बरोबर मधोमध. आरशात बघावं तर रस्ता कमी आणि पिवळं बदक जास्त. चौतीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय, बदक बघत गाडी चालवणारी तू पहिलीच.

लेक: आणि चौतीस वर्षांची सवय म्हणून तुम्ही मघापासून पायाखाली काय दाबताय? ही तुमच्या मोटार स्कूलची गाडी नाही, बाबा. तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये.

बाबा: माहितीय.

लेक: तरी दाबताय. खालची चटई गोळा झाली बघा.

बाबा: पायाला मी काय करू? एरवी ऐकतो माझं. तू वळायला लागलीस की ऐकत नाही.

लेक: परवाना मिळून आठ दिवस झाले मला. आता ती मागची शिकाऊची पाटी तरी काढू का? उद्या पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन वाचनालयात जाणार. एकेचाळीस वर्षांची बाई मी. दारातला शिपाई हसेल.

बाबा: हसू दे. परवाना मिळाला तरी महिनाभर पाटी ठेवायची. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्यांना हाच नियम.

लेक: पुस्तकात असा नियम नाही.

बाबा: पुस्तक तोंडपाठ आहे तुझं, मान्य. पण पाटी आपल्यासाठी नसते, मागच्यासाठी असते. त्याला कळतं, पुढे घाबरलेलं माणूस आहे, जरा दमानं घ्यावं.

लेक: मी घाबरत नाही.

बाबा: बरं. मागून सायरन ऐकू आला. ॲम्ब्युलन्स. काय करशील?

लेक: आरसा, दिवा, कडा. आरशात बघायचं, इंडिकेटर द्यायचा, कडेला घेऊन थांबायचं. करकचून ब्रेक मारायचा नाही. ती पुढे गेली की तिच्या मागे लागून पळायचं नाही.

बाबा: आणि?

लेक: आणि काय? पान संपलं.

बाबा: आणि बावचळायचं नाही. घाई ॲम्ब्युलन्सवाल्याला असते, तुला नसते. त्याची घाई तू अंगावर घेतलीस की दोघांचं नुकसान. आपण फक्त जागा द्यायची.

लेक: आणि समजा, सिग्नल लाल आहे. मी सगळ्यात पुढे. मागे ॲम्ब्युलन्स बोंबलतेय. एका बाजूला बस, दुसऱ्या बाजूला दुभाजक. मग कडा कुठून आणू? रेषा ओलांडू की नको?

बाबा: हं. प्रश्न चांगला काढलास.

लेक: उत्तर?

बाबा: हे तोंडी सांगायचं नसतं. तोंडी सांगितलं की माणूस अर्धंच लक्षात ठेवतो. चौकात नेऊन दाखवतो. उद्या.

लेक: उद्या गुरुवार. मला दहाला पोचायचंय.

बाबा: मग परवा. चौक काय पळून जातोय?

लेक: तुमचं नेहमीचं आहे हे. लहानपणी गणित विचारलं तरी उद्या.

बाबा: आणि दुसऱ्या दिवशी सांगायचो की नाही?

लेक: सांगायचात. तोवर माझं मलाच सुटलेलं असायचं.

बाबा: मग बिघडलं कुठे? चल, इंडिकेटर दे, घर आलं. बघ, परत सांगावं लागलं. एक दिवस न सांगता दिलास ना, तर ती पाटी मी माझ्या हातानं काढेन.

लेक: आणि बदक?

बाबा: बदक राहू दे. लांबून ओळखू येतं, आपली गाडी आहे ते.

(पंधरा दिवसांनी. ॲम्ब्युलन्स उभ्या करायची शेड. चालक मागची दारं उघडून आतली जमीन धुतोय.)

चालक: चष्मा ना? आहे, आहे. डबीत घालून ठेवलाय. स्ट्रेचरच्या चाकाशी अडकला होता, धुताना सापडला. मोटार स्कूलच्या ऑफिसात फोन केला, त्यांनी तुमचा नंबर दिला. तुम्ही मुलगी त्यांची?

लेक: हो.

चालक: इकडे या ताई, तिकडे ओलं आहे. गाडीनं आलात?

लेक: चालत.

चालक: एवढ्या लांबून?

लेक: गाडी चालवत नाही मी सध्या. त्या दिवशी तुम्हीच होतात?

चालक: मीच. शिकवता शिकवता छातीत कळ आली त्यांच्या. शिकणाऱ्या बाईंनी आधी गाडी व्यवस्थित कडेला लावली, मग आम्हाला फोन केला. आम्ही पोचलो तर त्या रडतायत आणि तुमचे वडील त्यांना धीर देतायत.

लेक: आत त्यांच्याबरोबर कोण होतं?

चालक: आमच्या सिस्टर. घरचं कुणी नव्हतं.

लेक: मला फोन आले होते मोटार स्कूलच्या ऑफिसातून. सात. मी गाडी चालवत होते. चालवताना फोन घ्यायचा नाही, त्यांचाच नियम. वाचनालयात पोचून बघितले. हॉस्पिटलात गेले तोवर ते गेले होते.

चालक: नियम बरोबर आहे, ताई.

लेक: वाटेत वेळ गेला का कुठे?

चालक: कुणी काही बोललं का तुम्हाला?

लेक: सिस्टर ऑफिसातल्या कारकुनांना म्हणाल्या, चौकात एक गाडी वाट अडवून उभी होती. कारकुनांनी आईला सांगितलं. आई रोज त्या गाडीवाल्याला शिव्याशाप देते. सकाळी उठली की सुरू. मी भांडी विसळत ऐकते.

चालक: देणारच की. मीसुद्धा दिल्या. पंचवीस वर्षं ही गाडी चालवतोय, सगळे नमुने बघून झालेत. एक जण सायरन ऐकून भर रस्त्यात थांबला, खाली उतरला आणि टोपी काढून उभा राहिला. म्हटलं, राजा, मान नंतर दे, आधी गाडी हलव. काही जण शेपटासारखे मागे लागतात, मोकळा रस्ता मिळतो ना आयता. पण त्या दिवशीची गाडी वेगळीच होती.

लेक: वेगळी म्हणजे?

चालक: सिग्नल लाल. ती सगळ्यात पुढे. तिच्या शेजारी बस, इकडे दुभाजक. मी मागे येऊन सायरन, हॉर्न, दिवे, सगळं चालू. गाडी ढिम्म. ब्रेकचे दिवे तेवढे लागतायत, विझतायत, लागतायत, विझतायत. आतल्याला जायचंही आहे आणि जायचं नाहीही. शेवटी काच खाली करून ओरडलो.

लेक: काय ओरडलात?

चालक: राहू द्या.

लेक: सांगा ना.

चालक: म्हटलं, आत माणूस मरतोय, तुझ्या हातानं मारायचाय का त्याला?

लेक: हो. असंच.

चालक: काय?

लेक: काही नाही. किती वेळ गेला तिथे?

चालक: मिनिटभर. थोडा कमीच.

लेक: तेवढ्यानं काही...

चालक: ताई, मी डॉक्टर नाही. फरक पडला म्हणणार नाही, नाही पडला असंही म्हणणार नाही. खोटं बोलून धीर देणं मला जमत नाही. हॉस्पिटलच्या दारात उतरवले तेव्हा डोळे उघडे होते त्यांचे. एवढं मी स्वतः बघितलं.

लेक: पाणी मिळेल जरा?

चालक: घ्या. पण पुढचं ऐका, कारण असलं मी अख्ख्या नोकरीत बघितलं नाही. ही मधली छोटी खिडकी दिसतेय? स्ट्रेचरवरच्या माणसाचं डोकं बरोबर तिच्यापाशी येतं. तुमच्या वडिलांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. सिस्टर ओरडल्या त्यांच्यावर. त्यांचं लक्षच नाही. मला विचारतात, "पुढे कोण आहे?"

लेक: मग?

चालक: म्हटलं, कोण असणार काका, कुणीतरी शिकाऊ ठोंब्या आहे, मागे पाटी लावलीय. तर म्हणाले, "गाडी कशी आहे?" आता आली का पंचाईत! इथे माझा जीव वरखाली होतोय आणि ह्यांना गाडीचं वर्णन हवंय. म्हटलं, काका, फिकट हिरवी आहे, मागच्या काचेवर एक पिवळं बदक आहे, आणखी काय सांगू?

लेक: बदक म्हणालात?

चालक: हो. हे एवढं मोठं.

लेक: त्यांना ऐकू गेलं? बदक?

चालक: गेलं ना, एवढंसं तर अंतर. ताई, काय होतंय? बसा. त्या पायरीवर बसा आधी.

लेक: मग काय म्हणाले?

चालक: मग म्हणाले, "सायरन बंद करा." म्हटलं, काका, तुमच्यासाठीच वाजवतोय. तर म्हणाले, "बंद करा. आवाजानं सुचत नाहीये. आवाज थांबला की सुचेल." सूर असा, की जणू मीच त्यांच्याकडे शिकायला आलोय. केला बंद. हॉर्नवरचा हातही काढला.

लेक: आणि एकदम शांत झालं.

चालक: एकदम.

लेक: मग त्या गाडीनं आडव्या रस्त्यावर दोन्हीकडे बघितलं. रेषेच्या पुढे हळूच आली, बसच्या नाकासमोर तिरकी. एका गाडीएवढीच. आणि थांबली.

चालक: अगदी तश्शी. चौकात घुसली नाही, कुणाच्या अंगावर गेली नाही. भलेभले चुकतात तिथे. मी बाजूनं निघालो. पण तुम्हाला कसं ठाऊक?

लेक: नंतर काही बोलले ते?

चालक: म्हणाले, "आरशात बघा. नीट उभी आहे ना ती?" म्हटलं, उभी आहे. तर विचारतात, "इंडिकेटर?" सिस्टर माझ्याकडे बघतायत, मी सिस्टरकडे. म्हटलं, दिलाय काका, चालू आहे. मास्क स्वतःच्या हातानं परत लावून घेतला. सिस्टर म्हणतात, हसले. तोवर माझे डोळे परत रस्त्यावर होते. पण पुढे बोलले नाहीत.

लेक: हसले.

चालक: सिस्टर कधी वाढवून सांगत नाहीत. पंधरा दिवस डोक्यात घोळतंय माझ्या, स्वतःचा जीव असा टांगलेला असताना माणसाला एका शिकाऊ गाडीचं एवढं काय पडलं होतं? आता सिग्नलला पुढे तसली पाटी दिसली की माझाही हात सायरनवरून निघतो. आमचे सगळे हसतात मला.

लेक: चष्मा द्या.

चालक: हा घ्या. एका काचेला तडा आहे. तो आधीचाच ना? नाहीतर म्हणाल, आमच्याकडे...

लेक: आधीचाच. ती गाडी मी चालवत होते.

चालक: कुठली?

लेक: हिरवी. बदकाची. तो ठोंब्या मी होते.

चालक: ताई...

लेक: आईला सांगितलं नाही. कुणालाच नाही. ती शिव्या देते तेव्हा मी नळ मोठा करते.

चालक: आणि मी तुम्हाला ते असलं...

लेक: तुम्ही बरोबर ओरडलात. तुमच्या गाडीत माणूस होतं. मला वाटत होतं, त्यांच्या कानावर शेवटचं तेच पडलं असेल, की कुणीतरी वाट अडवून उभं आहे.

चालक: नाही. शेवटचं मी बोललो ते इंडिकेटरचं.

लेक: हो.

चालक: आईंना सांगा, ताई. नुसतं गाडीचं नका सांगू. बदकाचंही सांगा, सायरनचंही सांगा. हवं तर मी येतो बरोबर. सिस्टरनाही आणतो.

लेक: आजच सांगते. त्याआधी जरा आत चढू का? डोकं कुठे होतं म्हणालात?

चालक: इथे. खिडकीला लागून. जपून, ओलं आहे. मी तिकडे नळापाशी आहे.

लेक: पाटी अजून मागेच आहे, बाबा. पण इंडिकेटर मी दिला होता. कुणी न सांगता.